पहिली कादंबरी मध्येच अडकली आहे. पूर्ण केलेल्यांनी अनुभव सांगाल का?

अर्धीवही:

नमस्कार. गेली दीड वर्षं मी एक कादंबरी लिहितोय. पहिलीच. आत्तापर्यंत अकरा प्रकरणं, साधारण ४२,००० शब्द झालेत. गोष्ट दोन मित्रांची आहे. एक जण कुणालाही न सांगता निघून जातो आणि दुसरा सतरा वर्षांनी त्याचा माग काढत त्याच्या दारापर्यंत पोचतो. निवेदन या शोधणाऱ्या मित्राचं, प्रथमपुरुषी.

अकराव्या प्रकरणाच्या शेवटी माझा निवेदक दारासमोर उभा आहे. गेले चार महिने मला त्याच्या पुढे एक ओळ लिहिता आलेली नाही. दार उघडल्यावर काय होतं हेच मला माहीत नाही. मग रोज रात्री फाइल उघडतो, मागे जातो आणि पहिली तीन प्रकरणं सुधारत बसतो. पहिल्या प्रकरणाचे नऊ खर्डे झालेत. दर वेळी वाटतं, सुरुवात पक्की झाली की पुढचं आपोआप सुटेल. सुटत नाही.

त्यात मध्यंतरी एका वेगळ्याच कादंबरीची कल्पना सुचली. ती इतकी लख्ख दिसते की ही बाजूला ठेवून ती घ्यावी असं सारखं वाटतं. प्रथमपुरुषी निवेदन घेतलं तेच चुकलं की काय, अशीही शंका येते, कारण निघून गेलेल्या मित्राच्या मनात मला शिरताच येत नाही.

ज्यांनी पहिली कादंबरी शेवटपर्यंत नेली आहे त्यांनी कृपया सांगा, तुम्ही अशा जागी अडकला होतात का? कसे सुटलात? कादंबरी कशी लिहावी यावरची पुस्तकं भरपूर वाचून झालीत. मला माणसांचे अनुभव हवे आहेत.

पहाटपाळी:

माझी एक पूर्ण झाली आहे (अजून छापलेली नाही), दुसरी चालू आहे. एकच सांगतो. रात्री मागचं वाचायला बसता ना, तिथेच वेळ जातोय.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलोप यांचं आत्मचरित्र त्यांच्या निधनानंतर १८८३ मध्ये आलं. त्यात त्यांनी आपली पद्धत उघड सांगितली आहे. टपाल खात्यात नोकरी, पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. लोक हा आकडा लक्षात ठेवतात. मला उपयोग झाला तो त्यांच्या दुसऱ्या सवयीचा: ते पहिला अर्धा तास आदल्या दिवशी लिहिलेलं वाचायचे आणि मग पुढे लिहायला लागायचे. वाचायचं ते कालचं. पहिलं प्रकरण नाही.

मी हा अर्धा तास दहा मिनिटांवर आणला. फक्त शेवटची दोन पानं वाचतो, तीही हातात पेन न घेता. पेन असलं की सुधारणा सुरू होते. दुसरं म्हणजे प्रकरण संपवून उठत नाही. पुढचं वाक्य माहीत असताना उठतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाची धास्ती राहत नाही. तुम्ही नेमके प्रकरणाच्या शेवटी थांबलात, दार बंद असताना. तिथून पुन्हा सुरुवात करणं सगळ्यांत अवघड.

निळीशाई:

अर्धीवही, तुमचा प्रश्न वाचला आणि उत्तर उद्यावर टाकवेना. माझी पहिली कादंबरी मागच्या वर्षी आली. लिहायला घेतल्यापासून पुस्तक हातात पडेपर्यंत सहा वर्षं गेली, त्यातली प्रत्यक्ष लिहिण्याची साडेचार. तुम्ही ज्या दाराशी थांबला आहात, तशाच एका जागी मी जवळजवळ वर्षभर थांबले होते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ती पहिली तीन प्रकरणं. त्यांना आजपासून हात लावू नका. हे मी किती पोटतिडकीने सांगतेय ते पुढचं वाचलंत की कळेल.

माझ्या कादंबरीत दोन बहिणी आहेत. वडील घड्याळजी. ते गेल्यावर दोघी घर आवरायला एकत्र येतात आणि आठ दिवसांत गोष्ट संपते. पहिल्या प्रकरणात वडील लंबकाचं घड्याळ दुरुस्त करताहेत असा प्रसंग होता. त्यासाठी महिनाभर वाचलं होतं, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांच्या शेजारी बसून अख्खी वही भरली होती. प्रसंग नऊ पानांचा झाला आणि तो मी अकरा वेळा लिहिला. तुमच्यासारखंच वाटायचं, हे एकदा जमलं की पुढचा रस्ता मोकळा.

छापील पुस्तकात ते प्रकरण नाही. दुसरंही नाही. पुस्तक सुरू होतं ते माझ्या खर्ड्यातल्या तिसऱ्या प्रकरणाच्या सहाव्या पानावर, जिथे धाकटी कुलूप उघडून घरात शिरते आणि आत इतकं शांत का वाटतंय हे तिला क्षणभर कळत नाही. सगळी घड्याळं बंद असतात.

अकरा खर्ड्यांत हे मला सुचलं नाही, आणि सुचायला मार्गही नव्हता, कारण शेवट अजून लिहिलाच नव्हता. शेवटच्या प्रकरणात थोरली त्या सगळ्यांतल्या एकाच घड्याळाला चावी देते. ते वाक्य लिहिलं त्या दिवशी लख्ख कळलं की वाचकाने घरात पाऊल टाकताना पहिल्यांदा शांतता ऐकायला हवी, टिकटिक नव्हे. म्हणजे सुरुवात कुठली हे मला शेवटाने सांगितलं. त्याआधी सुरुवातीवर घातलेले ते अकरा खर्डे मी चुकीच्या जागी घातले होते.

टॉलस्टॉय यांची हकिकत मला तेव्हा फार धीर देऊन गेली. 'वॉर अँड पीस'चं मूळ डोक्यात आलं ते १८५६ सालच्या गोष्टीच्या रूपात: रशियात झारविरुद्ध झालेल्या डिसेंबरच्या उठावात सापडलेला एक माणूस हद्दपारी संपवून परततो. या माणसाला समजून घ्यायचं तर १८२५ च्या उठावाकडे जायला हवं. तिथे गेल्यावर त्याचं तरुणपण हवं, म्हणून १८१२. आणि तेही पुरेना म्हणून १८०५. छापील कादंबरी १८०५ च्या जुलैत उघडते आणि १८५६ चं ते परतणं तिच्यात येतच नाही. इतक्या मोठ्या माणसालाही कादंबरी कुठून सुरू होते हे आधी माहीत नव्हतं, तर आपण पहिल्या प्रकरणाला एवढं का धरून बसावं?

माझी ती नऊ पानं अगदीच वाया गेली असंही नाही. त्यांची तीन वाक्यं झाली. धाकटी वडिलांच्या खोलीत शिरते तिथली:

"तिने सवयीने लंबकाखालचा नट अर्धा आटा खाली फिरवला. थंडीत घड्याळ पुढे पळतं, बाबा म्हणायचे. मग तिच्या लक्षात आलं की घड्याळ बंदच आहे."

थंडीत लंबकाची धातूची दांडी किंचित आखडते, लंबक आखूड झाला की झोके लवकर होतात, घड्याळ पुढे जातं, म्हणून लंबक खाली उतरवायचा. हे सगळं माझ्या नऊ पानांत समजावून सांगितलेलं होतं. पण धाकटीची बोटं ते विसरलेली नाहीत एवढंच त्या प्रसंगाला हवं होतं. बाकीचं मला माहीत असलं म्हणजे झालं. आता कुणी "संशोधन किती करू?" असं विचारलं की मी म्हणते, हवं तितकं करा. पानांवर मात्र पात्राच्या हाताला लागेल तेवढंच येऊ द्या.

आता तुमचं दार.

माझ्या गोष्टीत चौथ्या दिवशी बहिणींचं कडाक्याचं भांडण होतं. ते व्हायला हवं एवढं माहीत होतं. कशावरून, ते माहीत नव्हतं. घराच्या वाटणीवरून लिहिलं, खोटं वाटलं. आईच्या आठवणीवरून लिहिलं, रडवेलं झालं. दहा-अकरा महिने असेच गेले. शेवटी एका सकाळी मी त्या जागी चौकटी कंसात लिहिलं: [इथे दोघींचं भांडण. कशावरून ते माहीत नाही. नंतर थोरली तीन तास बोलत नाही.] आणि तीन तासांनंतरचा प्रसंग लिहायला घेतला.

तुम्हाला सांगते, तो कंस टाकताना अपराधी वाटलं. आपण कामचुकारपणा करतोय असं वाटलं. पण पुढे साठेक पानांनी थोरली रात्री एकटीच वडिलांच्या खोलीत बसली आहे असा प्रसंग आला आणि त्यात एक वाक्य माझ्या हातून उतरलं: "बाबा असतानाच तिने चावी देणं बंद केलं होतं." हे मी ठरवलेलं नव्हतं. आजारपणात वडील रात्रभर जागे राहून टोले मोजत बसायचे, ते तिला बघवेना, म्हणून तिने एकेक घड्याळ गप्प केलं. आणि धाकटीला वाटतं, हिने बाबा जिवंत असतानाच त्यांचं घर बंद करून टाकलं. झालं, भांडण सापडलं. मागे जाऊन कंस पुसला आणि ते प्रकरण एका बैठकीत लिहिलं.

ज्याचं उत्तर तुम्ही दाराशी शोधताय, ते कदाचित दारापलीकडे साठ पानांवर आहे. तिथे गेल्याशिवाय ते दिसणार नाही. भेट झाली आहे असं धरा. भेटीनंतर तुमचा निवेदक परत निघाला आहे. त्याची चाल कशी आहे? जाताना होती तशीच की वेगळी? तिथून लिहा.

निवेदनाचं सांगते. त्या रात्रीच्या प्रसंगाने माझी एक मोठी पंचाईत केली. तोवरची माझी कादंबरी धाकटीच्या तोंडून होती, "मी" म्हणून. आणि धाकटी त्या रात्री त्या खोलीत नव्हतीच! कादंबरीतला सगळ्यांत खरा प्रसंग मी माझाच नियम मोडून लिहिला होता. म्हणजे निवेदन बदलायला हवं होतं, २१० पानांचं.

मराठीत हे किती जिकिरीचं आहे ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. "मी आत गेले" चं "ती आत गेली" होतं, "मी दार उघडलं" चं "तिने दार उघडलं". एक सरसकट बदल चालत नाही, प्रत्येक क्रियापद हाताळावं लागतं. आणि प्रसंगात दोघीच बायका असल्या की "तिने तिला तिची किल्ली दिली". कोणी, कोणाला, कोणाची? "मी" होती तोवर हा प्रश्नच आला नव्हता. दोन-तीन प्रकरणं अशी दुरुस्त केल्यावर कळलं की वाक्यं बदलली तरी नजर जुनीच राहते, धाकटीचीच. मग जुना खर्डा छापून बाजूला ठेवला आणि कोऱ्या पानावर पहिल्यापासून लिहिलं. 'क्राइम अँड पनिशमेंट' लिहिताना दस्तयेवस्की यांनी आधी खुन्याच्या कबुलीचं प्रथमपुरुषी रूप घेतलं होतं. १८६५ च्या नोव्हेंबरात त्यांनी तोवर लिहिलेलं बरंचसं जाळलं आणि नव्याने, तृतीयपुरुषी लिहायला घेतलं. मी जाळलं काही नाही. "काढलेलं" नावाची एक फाइल केली आणि जे जे कापलं ते तिच्यात टाकत गेले. पहिला खर्डा १,३८,००० शब्दांचा होता. त्यातले ७७,००० त्या फाइलीत गेले, तीसेक हजार नवे लिहिले, पुस्तक झालं ९१,००० शब्दांचं. त्या फाइलीतून मी परत काहीही आणलं नाही. पण ती होती म्हणून कापताना हात थरथरला नाही.

तरीही तुम्ही आत्ता निवेदन बदलू नका. माझ्या बाबतीत निवेदन चुकलं हे मला पुढे गेल्यावर, एका ठरावीक प्रसंगाने दाखवून दिलं. तुमच्याकडे अजून फक्त शंका आहे. आणि खरं सांगू? तुमच्या निवेदकाला मित्राच्या मनात शिरता येत नाही म्हणता, पण सतरा वर्षं तो त्याच कारणाने तळमळतोय ना? मला वाचक म्हणून ती तळमळच हवी आहे.

दुसऱ्या कादंबरीची कल्पना एका पानावर लिहा, तारीख टाका, वही मिटा. माझ्याकडे अशा चार जमल्या होत्या. कादंबरी संपल्यावर वही उघडली तेव्हा त्यांतल्या तिघींत मला काही दिसेना. लिहायला न घेतलेली गोष्ट नेहमीच लख्ख दिसते, कारण तिच्यात अजून एकही वाक्य नसतं.

अर्धीवही:

निळीशाई, तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं. मनापासून आभार. पहाटपाळी, तुमचेही.

दोन शंका आहेत. पुनर्लेखन शेवटी करायचं, तर मध्ये दिसलेल्या चुकांचं काय करू? त्या डोळ्यांत खुपतात. आणि कुणाला कधी दाखवावं? पहिली पाच प्रकरणं मी बायकोला आणि एका मित्राला दिली होती. दोघंही म्हणाले, छान आहे, पूर्ण कर. त्यातून मला काहीच हाती लागलं नाही.

निळीशाई:

चुका वहीत टिपून ठेवा. "प्रकरण ३: मित्राची बहीण आधीच भेटलेली असायला हवी" एवढंच. दुरुस्ती केली असं समजून पुढे लिहा. माझ्या वहीत अशा शंभरावर नोंदी झाल्या होत्या आणि शेवटी त्यांतल्या जवळजवळ निम्म्या नुसत्या खोडून टाकल्या, कारण ज्या प्रकरणांबद्दल होत्या ती प्रकरणंच उरली नव्हती.

मी पुनर्लेखनाच्या विरोधात बोलतेय असं मात्र समजू नका. हेमिंग्वे यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत सांगितलं होतं की 'अ फेअरवेल टु आर्म्स'चं शेवटचं पान ३९ वेळा लिहिलं. पण तेव्हा त्यांच्या मागे सगळी कादंबरी उभी होती. कशाशी जुळवायचं ते समोर होतं. तुमच्या नऊ खर्ड्यांना जुळवून घ्यायला अजून काही नाही, म्हणून ते तुम्हाला इतके दमवताहेत.

दाखवण्याचं. पूर्ण होईपर्यंत कुणालाही नाही, हे माझं ठाम मत झालं आहे. अर्ध्या कादंबरीवर कुणी काय बोलावं? चांगलं बोलले तर आपण सैलावतो, वाईट बोलले तर बसतो. आणि दाखवाल तेव्हा "कशी वाटली?" विचारू नका. जवळच्या माणसाने या प्रश्नाला "छान" शिवाय काय म्हणावं? मी दोन मैत्रिणींना पूर्ण बाड दिलं, सोबत पेन्सिल दिली आणि म्हटलं, "वाचताना जिथे बाजूला ठेवलंस, तिथे एक आडवी रेघ मार. कारण सांगू नकोस." दोघी एकमेकींना ओळखत नाहीत. दोघींची रेघ सातव्या प्रकरणात, दीड पानाच्या अंतराने. त्या प्रकरणात मी आजोबांपासूनचा सगळा इतिहास सांगितला होता. त्यातला एक परिच्छेद ठेवला.

त्यांतल्या एकीने आणखी एक गोष्ट केली, तिचं ऋण मी विसरणार नाही. धाकटी काही ठिकाणी वडिलांना "तुम्ही" म्हणते आणि काही ठिकाणी "तू". मैत्रिणीने प्रत्येक "तू"भोवती गोल केला होता. माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. शरमले आणि सगळीकडे "तुम्ही" करत सुटले. चौदावं ठिकाण म्हणजे फोनवरचं बोलणं होतं. वडील आजारी, धाकटी लांबून विचारते, "औषध घेतलंस का?" तिथे "घेतलंत का?" केलं आणि वाक्य मेलं. पुन्हा "घेतलंस" केलं. मग सगळी ठिकाणं ओळीने लावून पाहिली. माझ्या हाताने "तू" लिहिलं होतं ते बहुतेक सगळं वडील अंथरुणाला खिळल्यानंतरचं. ते दुबळे झाले तशी ती त्यांची आई झाली होती आणि मला ते कळलेलं नव्हतं.

मग ठरवून केलं. त्या फोनपर्यंत कटाक्षाने "तुम्ही". फोनवर पहिल्यांदा "घेतलंस का?" आणि पलीकडे वडील क्षणभर गप्प. मग म्हणतात, "घेतलं." बस. पुस्तक वाचून ज्यांनी मला कळवलं त्यांतल्या कितीतरी जणांनी याच जागेचा उल्लेख केला. म्हणून सांगते, चूक दिसली की लगेच पुसू नका. ती कुठे कुठे झाली आहे ते आधी ओळीने लावून बघा.

छापण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, तर थोडक्यात. पहिल्या प्रकाशकांकडे बाड अकरा महिने होतं आणि मग एका ओळीच्या चिठ्ठीसह परत आलं. त्या अकरा महिन्यांत मी काहीही लिहिलं नाही, नुसती वाट पाहिली. त्या रिकाम्या अकरा महिन्यांचं वाईट आजही वाटतं, नकाराचं वाटत नाही.

समासातून:

मी गेली बरीच वर्षं मुद्रितशोधन आणि थोडंफार संपादन करते. निळीशाई यांनी सांगितलेल्या "तू/तुम्ही"च्या जागा मला जवळजवळ प्रत्येक पहिल्या कादंबरीत भेटतात. तशीच वयं. एका बाडात आई मुलीपेक्षा अकरा वर्षांनीच मोठी निघाली होती. लेखकाने दोन जन्मसालं दोन वेगळ्या प्रकरणांत, वर्षभराच्या अंतराने लिहिली होती. कागदावर एक रेघ ओढून तिच्यावर सालं आणि प्रत्येकाचं वय लिहून ठेवा. तुमच्या गोष्टीत सतरा वर्षांची उडी आहे, तुम्हाला तर हे लागणारच. निवेदनात "केले" की "केलं" हेही एकदा ठरवा आणि चिठ्ठीवर लिहून समोर चिकटवा.

पण मला विचारायचं आहे ते वेगळंच. तुमच्या ४२,००० शब्दांत जुन्या दिवसांचा, म्हणजे दोघं मित्र एकत्र असतानाचा भाग किती आहे? आणि लिहिताना हात सरसर कुठे चालला, तिथे की शोधाशोधीत?

हे विचारण्याला कारण आहे. हार्पर ली यांनी १९५७ मध्ये प्रकाशकांकडे दिलेलं बाड मोठी झालेली मुलगी गावी परतते त्या काळाचं होतं. संपादक टे हॉहॉफ यांना त्यातल्या लहानपणाच्या आठवणी जिवंत वाटल्या. दोन-अडीच वर्षं पुनर्लेखन चाललं आणि १९६० मध्ये 'टु किल अ मॉकिंगबर्ड' आली, मुलीच्या बालपणाची, तिच्याच तोंडून. मूळचं बाड २०१५ मध्ये वेगळं छापलं गेलं, दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात. आठवणी म्हणून घातलेला मजकूर हीच कादंबरी आहे असं कधीकधी निघतं. हे आत्ता ठरवायचं नाही, निळीशाई म्हणतात तसं शेवटपर्यंत जाच. नुसतं मनात असू द्या.

अर्धीवही:

तीन आठवड्यांनी लिहितोय.

समासातून, तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला रंगीत पेन घेऊन बसलो. जुन्या दिवसांचा भाग जेमतेम ९,००० शब्दांचा निघाला. त्यात मी एकही खाडाखोड केलेली नाही. हे दीड वर्षात माझ्या ध्यानात आलं नव्हतं. वहीत नोंद केली आहे, अजून काही बदललेलं नाही.

निळीशाई, तुम्ही विचारलं होतं, परतताना त्याची चाल कशी आहे. चार रात्री त्या प्रश्नाशी बसलो. पाचव्या रात्री लिहिलं तर तो एकटा चालत नव्हता. त्याच्यासोबत कोपऱ्यापर्यंत एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी येत होती, आणि ती त्याला तिच्या वडिलांबद्दल विचारत होती. "ते लहानपणी गाणं म्हणायचे का हो?" म्हणजे दार तिने उघडलं. मित्राने नाही. मित्र घरात आहे की नाही, आहे का तरी, मला अजून ठाऊक नाही. पण मुलीचे प्रश्न थांबत नव्हते आणि मी रात्री दीडपर्यंत लिहीत होतो. सव्वीसशे शब्द झाले. निवेदक तिला त्या जुन्या दिवसांतलं एकेक सांगतोय, आणि सांगता सांगता दोन ठिकाणी खोटं बोलतोय. का, ते माहीत नाही.

बारावं प्रकरण रिकामं आहे. तिथे कंस टाकला: [दार उघडतं. मुलगी. मित्राचं काय झालं ते माहीत नाही.] तेरावं चालू आहे.

निळीशाई:

वाचून मी खुर्चीतून उठून उभी राहिले! तो खोटं का बोलतोय हे आत्ता शोधू नका, त्याला बोलू द्या. एक मात्र आजच ठरवा: ही मुलगी त्याला काय म्हणून हाक मारते? काका, की नुसतंच "अहो"? आणि तो तिला "तू" म्हणतो की पहिल्यांदा अवघडून "तुम्ही"? वहीत लिहून ठेवा, कुठे बदलतं तेही.